‘पलीकडे’ मंडळाचा नवीन सदस्य

४ फेब्रुवारी

ही बहिणीकडे राहायला गेली, त्याला महिना झाला. “थोडे दिवस जाते,” म्हणाली. हिचं थोडं म्हणजे किती, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला उमगलेलं नाही. मीठ थोडं म्हणते तेव्हा चिमूटभर असतं, झोप थोडी म्हणते तेव्हा अख्खी दुपार जाते.

भांडण झालं नाही. आदळआपट नाही, रडारड नाही. बॅग भरली, फ्रिजमध्ये काय कुठे आहे ते सांगितलं आणि चपला घातल्या. मी कारण विचारलं. म्हणाली, “अहो, ते तुमच्या लक्षात आलं असतं तर मी गेलेच नसते.” म्हणजे कोडं घालायचं आणि उत्तर बॅगेत घालून निघून जायचं!

मला डायरी लिहायची सवय नाही. पण घरात बोलायला कुणी उरलं नाही. भिंतींना कान असतात म्हणे. असतील, पण मान नसते. हो ला हो कोण करणार?

मुलीला फोन लावला. ती नोकरीच्या गावी असते, तरी आईची खबर तिला माझ्याआधी.

“आई मजेत आहे, बाबा. एक शनिवार सोडून एक वाचन मंडळात जाते.”

“कसलं वाचन?”

“विज्ञानकथा, अद्भुतकथा. परग्रह, यंत्रमानव, उद्याचं जग, असलं सगळं.”

माझी बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. जन्म गेला लोकांचे जबडे भरण्यात. तिला परग्रहाशी काय कर्तव्य? मी म्हणालो, “घरात तर तिला पुस्तक हातात घेतलेलं पाहिलं नाही मी.”

“रोज वाचायची, बाबा.”

“कधी?”

“तुम्ही बोलत असायचात तेव्हा.”

मी विषय बदलला. “मंडळात कुणालाही जाता येतं का?”

“बाबा, नको.”

म्हणजे येतं.

८ फेब्रुवारी

गेलो. वाचनालयाच्या तळघरातली खोली, वर पाण्याचा पाइप गुरगुरतो. दारावर कागद: ‘पलीकडे’ वाचन मंडळ. मी दाढी केली होती, ठेवणीतला शर्ट घातला होता.

प्रमुख आहेत एक निवृत्त भूलतज्ज्ञ बाई. “आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता जागं ठेवायचा प्रयत्न करते,” अशी ओळख करून देतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव ‘भूलबाई’ ठेवलं. दुसरा एक लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला कुठल्याही कादंबरीत फक्त यानाचं इंजिन दिसतं, तो ‘इंजिन’. तिसरे एक मुद्रितशोधक. छापखान्यात जन्म काढलेला माणूस, पुस्तकात फक्त चुकलेल्या वेलांट्या बघतो. आणि ही.

मला बघून हिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. मग मीही ठरवलं, आपणही कमी नाही. अनोळखी म्हणजे अनोळखी. नाव सांगितलं, आडनाव गिळलं, धंदा सांगितला: मोटार ड्रायव्हिंग स्कूल. हिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती म्हणून तिथे बसलो. हिच्या पर्सची चेन नेहमीसारखी उघडी होती, ती लावली, आणि अजिबात ओळख दाखवली नाही. कुणालाही काही कळलं नाही.

पुस्तक होतं एका घरकाम्या यंत्राचं. एका बाईकडे हे यंत्र असतं, तिचं सगळं करतं, आणि एके दिवशी ती बाई घर सोडून मागच्या गोदामात राहायला जाते. भूलबाई म्हणाल्या, नवीन सदस्यांचं मत ऐकू. मी बोललो. चांगला ऐसपैस बोललो. कृतघ्नपणा, हल्लीची कुटुंबं, गिअर आणि संसार यांतलं साम्य. थांबलो तेव्हा पाइपही गुरगुरायचा थांबला होता.

“पुस्तक वाचलंत?” भूलबाईंनी विचारलं.

“पाठीमागचा मजकूर वाचला.”

“म्हणजे उंटावरून शेळ्या,” इंजिन म्हणाला.

मी हिच्याकडे वळून म्हणालो, “तुम्हाला काय वाटतं?” लग्न झाल्यापासून हिला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणालो. जीभ वळताना ठेच लागल्यासारखं झालं. ही म्हणाली, “सदस्यांनी आधी पुस्तक वाचावं.”

सदस्य! जिच्यासाठी मी शर्टाला इस्त्री केली, पहिल्यांदाच, आणि कॉलर जाळली, तिने मला सदस्य म्हणावं.

१२ फेब्रुवारी

पुस्तक वाचतोय. आधी वाटलं, दोन पानांत झोप लागेल. लागली नाही. आज शिकाऊ बाईंना चढावर गाडी थांबवायला सांगून मी वाचत बसलो, तर गाडी मागे मागे जात फुलांच्या कुंड्यांपर्यंत पोचली. माझ्या बाजूचा ब्रेक वेळेवर दाबला म्हणून बरं.

माझी सगळी सहानुभूती यंत्राला. बिचारं राबतं. बाई दमलेली दिसली की म्हणतं, “तुम्ही दमला आहात, झोपा.” ती म्हणते मी दमले नाही, तर ते पुन्हा प्रेमाने म्हणतं, “दमला आहात.” इतकी काळजी हल्ली कोण कुणाची करतं? मी स्वतः हिला रोज हेच म्हणायचो.

२२ फेब्रुवारी

आज पुस्तक वाचून गेलो, खुणेच्या चिठ्ठ्या घालून. हिने चिठ्ठ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

मी म्हणालो, “यंत्राचं चुकलं काय, तेवढं दाखवा. थंडी वाजायच्या आत शाल आणतं, तहान लागायच्या आत पाणी.”

“तहान लागायच्या आत पाणी आलं,” ही म्हणाली, “तर आपल्याला तहान लागते हेच माणूस विसरतं.”

“मग तिने सांगायचं ना!”

“सांगते. सगळं मधलं प्रकरण ती तेच सांगते. यंत्र म्हणतं, झोपा.”

“पण ते प्रेमानं म्हणतं.”

“हो. म्हणून तर तिला ओरडताही येत नाही.”

मी उत्तर तयार करत होतो, तेवढ्यात इंजिनने यंत्राच्या बॅटरीचा विषय काढला आणि मुद्रितशोधकांनी ‘गोदाम’चा ‘गोदान’ झालेलं पान काढलं. नंतर सुचलेलं उत्तर म्हणजे वरातीमागून घोडं, पण लिहून ठेवतो: ‘बाईंनी यंत्राला एक संधी द्यायला हवी होती.’ चांगलं आहे. पुढच्या वेळी वापरता येईल.

हिचा मुद्दा मला पटला नाही. पण ही इतकं बोलते? घरी ‘हं’ वर भागवायची.

८ मार्च

आजची कादंबरी म्हणजे कहर होता. परग्रहावरची एक जमात खाजेतून बोलते. राग आला की कोपरं खाजवायची, आदर दाखवायचा तर पाठ. त्यात एक प्रेमप्रसंग आहे, तो भूलबाईंनी मोठ्याने, अगदी सरळ चेहऱ्याने वाचून दाखवला. “तिने त्याच्या घोट्याकडे पाहिलं. तो समजला.” इथे इंजिनने नकळत आपला घोटा खाजवला आणि सगळे फुटले. मुद्रितशोधकांनी चष्मा काढून डोळे पुसले. ही तर टेबलावर डोकं टेकून हसत होती. हसताना हिचा आवाज फाटतो, कुत्र्याच्या पिल्लासारखा. हे मी विसरूनच गेलो होतो. मी हसायचा थांबलो आणि नुसता ऐकत बसलो.

एवढ्या चांगल्या दिवसाची माती बाहेर आल्यावर झाली.

वाचनालयाच्या आवारात मेव्हणीची गाडी उभी होती. मला वाटलं, मेव्हणी न्यायला आली असेल. तर ही गाडीजवळ गेली, चालकाच्या बाजूचं दार उघडलं आणि बसली. मी धावलो. “अगं, लायसन्स नाही तुझ्याकडे!” तोवर गाडी दोन वाहनांच्या बेचक्यातून मागे आली, फाटकाशी वळली, इशारा देऊन रस्त्याला लागली. एका दमात. आरसासुद्धा बघितला.

हिला मी किती वर्षं शिकवतोय! कच्ची आहे म्हणून परीक्षेला बसवली नव्हती.

१० मार्च

मुलीकडून कळलं. ही शिकली चौकापलीकडच्या स्कूलमध्ये. ते चालवते ती पोरगी माझीच जुनी विद्यार्थिनी! आपलेच दात, आपलेच ओठ.

सकाळी तिच्याकडे जाऊन थडकलो. जाब विचारला. ती चहा ओतत म्हणाली, “सर, मॅडमना गाडी आधीच उत्तम यायची. मी काही शिकवलं नाही. फक्त माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाकला.”

धंद्याचे नियम म्हणून काही असतात की नाही? शेजारी ब्रेक नसलेल्या गाडीत शिकाऊ माणूस! चहा मात्र चांगला होता.

२२ मार्च

संधी चालून आली आहे. वाचनालयाला तळघराची खोली परत हवी आहे. पाइप बदलायचे आहेत. भूलबाई म्हणाल्या, दुसरी जागा मिळाली नाही तर मंडळ बंद करावं लागेल. इंजिनचा चेहरा उतरला. मुद्रितशोधक म्हणाले, “घरी मला फक्त वर्तमानपत्र आहे. त्यात इतक्या चुका असतात की वाचवत नाही.” त्यांचं घर म्हणजे ते एकटेच, हे मला आज कळलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्या स्कूलचा वर्ग शनिवारी संध्याकाळी रिकामा असतो. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, भाडं नको. टाळ्या पडल्या. इंजिनने पाठीवर थाप मारली.

हिने टाळ्या वाजवल्या नाहीत, पण भारावली असणार. खाली मान घालून पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

५ एप्रिल

वर्ग झाडून घेतला. वाहतुकीच्या खुणांचे तक्ते पुसले. हिच्यासाठी पंख्याखालची खुर्ची ठेवली, वर उशी, कारण हिची कंबर दुखते. पाण्याचा तांब्याही तिथेच ठेवला.

ही आली नाही.

इंजिन आला, मुद्रितशोधक आले (‘हॉर्न वाजवू नये’ या तक्त्यातली चूक त्यांनी दारातूनच सांगितली), भूलबाई आल्या. चर्चा रंगलीच नाही. दोघे गेल्यावर भूलबाई मागे थांबल्या.

“बाईंना बरं नाही का?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“नाटक पुरे. तुम्ही तिचे यजमान, हे आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं.”

“कसं?”

“अनोळखी माणूस बाईच्या पर्सची चेन लावत नाही.”

मी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, “मी पेशंटला भूल द्यायच्या आधी नेहमी विचारायचे, देऊ ना? तो टेबलावर पडलेला असायचा, नाही म्हणणार कुठून? तरी विचारायचे.” मग उशीकडे बघत म्हणाल्या, “ती घर सोडून निघाली आणि तिची एकमेव स्वतःची जागा तुम्ही तुमच्या ऑफिसात आणून ठेवलीत. तिला कुणी विचारलं?”

“पण मी मदत केली!”

“केलीत की. आता आमच्याकडे खोली आहे आणि ती नाही.”

भूलबाई गेल्या. मी तक्त्यांखाली बसून राहिलो. राग आला. उपकाराची ही परतफेड! मग उशी उचलून कपाटात ठेवली. मग पुन्हा बसलो. हिने टाळ्या का वाजवल्या नाहीत, याचा विचार मी तेव्हा दोन मिनिटंसुद्धा केला नव्हता. भारावली असेल, असं ठरवून मोकळा झालो होतो.

७ एप्रिल

वर्गाची किल्ली भूलबाईंना नेऊन दिली. म्हणालो, शनिवारी मी तिथे नसेन. स्कूलच्या आसपासही नसेन. त्यांना सांगा. ‘त्यांना’ म्हणजे हिला. ‘त्यांना’ म्हणताना या वेळी ठेच लागली नाही, नुसतं दुखलं.

“आणि तुमचं वाचन?” भूलबाईंनी विचारलं.

“मी काय, पाठीमागचा मजकूर वाचणारा माणूस.”

त्यांनी मे महिन्यासाठी ठरलेली कादंबरी हातात कोंबली.

१९ एप्रिल

संध्याकाळी गावभर चालत फिरलो, स्कूलच्या उलट्या दिशेला. पायाचे तुकडे पडले. माझ्याच जागेतून मी हद्दपार! ही गेली होती म्हणे मंडळात. मुलीने फोनवर सांगितलं. दुसरंही सांगितलं: आई आता मावशीकडे नाही. लॅबच्या जवळ तिने भाड्याने घर घेतलंय. दीड खोली, पुढे गॅलरी.

“म्हणजे थोडे दिवस संपले की वाढले?” मी विचारलं.

“बाबा, ते तिला विचारा ना.”

दीड खोली! अर्ध्या खोलीत काय करायचं माणसाने? पण मग मनात आलं ते लिहितो, कारण इथे कुणी बघत नाही: तिने भिंतीला कुठला रंग निवडला असेल? आमच्या घराचे रंग मी निवडले. तिला कुठला आवडतो, हे मला माहीत नाही. मी खुर्चीत बसून आठवत राहिलो. नाही आठवलं. आठवणार कसं? विचारलंच नव्हतं.

२६ एप्रिल

नवी कादंबरी संपली. एक बाई अवकाशातल्या दूरच्या चौकीवर एकटी राहते. जाणाऱ्या-येणाऱ्या यानांसाठी दिवा सांभाळते. कितीतरी वर्षांनी तिचा नवरा छोट्या यानातून तिथे पोचतो आणि बाहेरून दार ठोठावतो. तिचा हात कडीवर जातो. पुस्तक संपलं! लेखकाला पगार मिळाला नव्हता की काय?

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी म्हणालो, उघड ना बाई, केवढ्या लांबून आलाय माणूस. मग दुसऱ्यांदा वाचलं, कारण घरी दुसरं काही नव्हतं. दाराबाहेरून तो पानंच्या पानं बोलतो. रस्त्यात किती उल्का लागल्या, त्याने काय काय सोसलं. तिने लावलेली रोपं काचेतून दिसतायत, ती तो बघतच नाही. ‘आवर, घरी जायचंय,’ म्हणतो. गाढव. मी पुस्तक गादीवर आपटलं. मग उचलून कोपरा सरळ केला.

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.

१ मे

इंजिनचा फोन आला. म्हणाला, शनिवारी या, ठराव झालाय. नवीन सदस्याने यावं, मात्र सगळ्यांचं झाल्यावर बोलावं. एकमताने मंजूर.

“ठराव कुणी मांडला?”

तो म्हणाला, सांगायचं नाही असं ठरलंय.

इंजिननेच मांडला असणार. दिलदार माणूस आहे.

३ मे

माझ्याच वर्गात पाहुण्यासारखा गेलो, दारावर टकटक करून. ही खिडकीजवळच्या खुर्चीत होती, पंख्याखालच्या नाही. मी समोर, मुद्रितशोधकांच्या शेजारी बसलो. पर्सकडे पाहिलं नाही. चेन उघडी होती.

इंजिन म्हणाला, प्रश्नच नाही, हवेचा दाब जुळल्याशिवाय दार उघडणारच नाही. मुद्रितशोधक म्हणाले, “हात कडीवर गेला, पूर्णविराम. ती उघडते की नाही, यावर छापील पुरावा नाही.” भूलबाई म्हणाल्या, उघडते, पण पश्चात्ताप करते. हिने मानेनेच ‘नंतर’ म्हटलं. माझी पाळी आली.

मी मोठं भाषण तयार करून नेलं होतं. उभा राहिलो आणि त्यातलं एक वाक्य सापडेना.

“ती उघडत नाही,” मी म्हणालो. “आणि बरोबर करते. तो घरी न्यायला आलाय, भेटायला आलाच नाही. ती राहते ते तिचं घर आहे, हे त्याच्या डोक्यात शिरलेलं नाही. इतक्या लांब येऊन त्याने एकदाही विचारलं नाही, तू कशी आहेस. मी तिच्या जागी असतो तर कडीला हातसुद्धा लावला नसता.” मी पुस्तक मिटलं. “एवढंच. रोपं छान आहेत तिची.”

इंजिन बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या बुटांना नाड्या नाहीत.

मग ही म्हणाली, “मला वाटतं, उघडते.”

“कुठे?” मुद्रितशोधकांनी पान उघडलं. “पूर्णविराम आहे इथे.”

“पूर्णविरामानंतर.”

“त्यानंतर तर कोरं पान आहे, बाई.”

“त्याच पानावर,” ही म्हणाली. आणि माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, “अहो, शेवट नीट वाचा.”

सदस्य नाही. अहो.

४ मे

सकाळपासून शेवट वाचतोय. दार उघडल्याचा उल्लेख कुठेही नाही. कोरं पानही उन्हात धरून बघितलं. शेवटी सरळ विचारावं म्हणून फोन उचलला, मग वाटलं, तिच्या सुट्टीचा दिवस, घरच्या कामात असेल. निरोप पाठवला: ‘फोन केला तर चालेल का? त्या पानाबद्दल विचारायचं होतं. आणि तू कशी आहेस?’

दोन शिकवण्या उरकल्या. एका काकांनी दोनदा चुकीचा गिअर टाकला, मी काही बोललो नाही. त्यांनीच घाबरून विचारलं, सर, बरं आहे ना?

मग उत्तर आलं: ‘बरी आहे. फोन नको. संध्याकाळी चहाला या. पुस्तक घेऊन या.’ खाली पत्ता, आणि कुठे गाडी लावायची ते.

मी लगेच होकार कळवला. गॅलरी आहे, तर रोप न्यावं का, हे विचारलं. ‘एकच आणा,’ म्हणाली.

तिच्याकडे बहुतेक वेगळी आवृत्ती असावी. दोन्ही शेजारी ठेवून बघू.